चिठ्ठ्या बांधलेल्या सतरा मोटरी

ताई,

गेल्या वैशाखात माझे बाबा गेले. वय ५२. काही आजार नव्हता. सक्करदऱ्याकडे त्यांचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मार्च ते जून कूलरचा सीझन, तेव्हा ते घरी फक्त झोपायला यायचे. त्या रात्री अकराला आले, छातीत जळजळ होते म्हणाले. मी ॲसिडिटीची गोळी दिली. पहाटे पाचला आई उठली तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरवीला दीडशे लोक आले. जो तो एकच म्हणत होता, "मोठा मेहनती माणूस होता, घरासाठी झिजला." मला काहीच वाटेना, रडूही येईना. मला आठवत होतं ते एवढंच, की आम्ही दुकानात जाऊन हाक मारली की ते हात वर करून थांबवायचे, कधी ओरडायचे. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आम्हाला कधीच कुठे नेलं नाही. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हाही ते दुकानातच. मला त्यांचा राग येतो, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

दुकान तेव्हापासून बंद आहे. भाडं माझ्या पगारातून जातं. एकदाच कुलूप उघडून आत गेले, लोकांच्या सतरा मोटरी तशाच पडल्या आहेत. काका म्हणतात, सगळं भंगारात काढा, नाहीतर धाकट्याने दुकान चालवावं, बापाचं नाव राहील. तो आत्ता बारावीला आहे. वर्षश्राद्धाला तीनशे पानं उठवायची असंही त्यांचं म्हणणं आहे. आई काहीच बोलत नाही. होळी झाली तरी तिने घरचा कूलर काढू दिला नाही. "मला नाही लागत" एवढंच म्हणते.

बाबांना आठवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

– एक मुलगी, नागपूर

बाळा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वाइंडिंगवाल्याकडे जाऊन बसले. इतकी वर्षं त्याच्या दुकानावरून जाते, आमच्या कूलरचा पंप दोनदा त्यानेच भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून दिला, पण तो नेमकं करतो काय, हे कधी पाहिलं नव्हतं. त्याने दाखवलं. जळलेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपटून काढायची, खाचा साफ करायच्या, कागद बसवायचा, मग नवी तांब्याची तार फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, गुंडाळायची. मोटर फिरत ठेवणारी रनिंगची वेगळी, ती सुरू करणारी स्टार्टिंगची वेगळी. कुठल्या मोटरीला कुठल्या नंबरची तार आणि किती वेढे, हे ठरलेलं असतं. वेढे कमी पडले तर मोटर करंट जास्त ओढते, तापते, आणि ज्याच्या घरी जाते तिथे मे महिन्याच्या दुपारी पुन्हा जळते. तो वेढ्यांना टर्न म्हणतो. गुंडाळताना त्याच्या तोंडातल्या तोंडात आकडा चालू होता.

मी विचारलं, "मोजताना कोणी हाक मारली तर?"

"बायकोनं हाक मारली तरी मी हात वर करतो न. ओ दिला की आकडा गेला. मग सारी तार उलगडा अन् पहिल्यापासून बसा."

हात वर करतो. तुझ्या पत्रातला तोच हात.

हे मी तुझा राग काढून टाकायला सांगत नाही. बाबा मोजत होते हे खरं, आणि तू दारात उभी राहून वाट पाहत होतीस हेही खरं. त्या सुट्ट्या तुझ्या हक्काच्या होत्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी बाप घरी असावा, हे मागणं काही जास्त नव्हतं. सीझनच्या चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची, म्हणून ते आले नसतील. तुझी फीही त्यातूनच गेली असेल. पण कारण कळलं म्हणजे चुटपुट जाते असं नाही. वर्षश्राद्ध झालं तरी ती थोडी राहील. राहू दे. ते असते तर एखाद दिवशी तू त्यांना हे तोंडावर म्हटलं असतंस, तेही काहीतरी बोलले असते, आणि विषय तिथे मिटला असता. ते भांडण अर्धं राहिलं आहे. अर्ध्या राहिलेल्या भांडणाची लाज कसली वाटून घेतेस?

तेरवीला तुला काही वाटलं नाही, त्याबद्दल आता बोलते. मी १९ वर्षांची असताना माझे वडील गेले. ते एम्प्रेस मिल या कापडगिरणीत विणाई खात्यात होते. दिवसपाळी, रातपाळी, भोंगा वाजला की निघायचे. मागाच्या आवाजाने कान गेलेले, म्हणून घरीही मोठ्याने बोलायचे. आमच्या तेरवीलाही लोक हेच बोलले. कष्टाळू होता, देवमाणूस होता, चंदनासारखा झिजला. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मनात म्हणत होते, हे कोणाबद्दल बोलून राहिले? हा माणूस तर कोणाचाही बाप असू शकतो.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी तुमसरला एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ भेटले. वडिलांच्या शेजारच्या मागावर काम केलेले. मला ओळखलं आणि हसतच म्हणाले, "तुझा बाप पालीला काय भ्यायचा बापा! डब्याच्या जागेवर पाल दिसली की हा उभ्यानेच जेवायचा. सारं खातं त्याला चिडवायचं." मला हे माहीतच नव्हतं. मग लख्ख आठवलं, की पावसाळ्यात घरात पाल दिसली की बाबा नेहमी काहीतरी कारण काढून बाहेर जायचे, आणि आईला म्हणायचे, "जरा बघ गं काय आहे तिथे." आम्हा पोरांना वाटायचं, त्यांना बाहेर काम आहे. त्या लग्नाच्या मांडवात, हातात पत्रावळ घेऊन, मी जी रडायला लागले ती थांबेना. इतक्या वर्षांनी माझे बाबा मला भेटले होते. झिजलेले वगैरे कोणी नाही. पालीला भिणारे, मोठ्याने बोलणारे, आमच्या घरातले.

तेव्हापासून कोणाच्याही जाण्यावर लिहिताना मी 'झिजला' हा शब्द वापरत नाही. एक तर त्याने माणूस दिसत नाही, फक्त काम दिसतं. आणि ऐकणाऱ्या लेकरांच्या डोक्यावर त्याचं ओझं बसतं. तुझ्यासाठी झिजले, मग आता तू रड, तू फेड, तू दुकान चालव. तेरवीला तुला रडू आलं नाही, कारण त्या दीडशे लोकांनी तुला तुझे बाबा दिलेच नाहीत, एक शब्द दिला. त्यांचाही दोष नाही. अचानक गेलेल्या माणसाच्या घरी काय बोलावं हे कोणालाच सुचत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर दुकानात आहे. त्या सतरा मोटरी.

भंगारात अजिबात देऊ नका. त्या तुमच्या नाहीतच, लोकांच्या आहेत. काकांना हे एवढंच सांगितलं तरी पुरे. वाइंडिंगवाल्याने मला सांगितलं, की प्रत्येक मोटरीला चिठ्ठी बांधलेली असते, नाहीतर बॉडीवर खडूने नाव किंवा फोन नंबर लिहिलेला असतो, आणि दुकानात एक वही असते. त्या दोन्हींची सांगड घाल. यात बाबांचा मदतनीस असेल तर त्याला बरोबर घे. असा एक पोऱ्या बहुतेक दुकानांत असतो. कुठली मोटर भरून झाली होती, कुठली उघडून ठेवली होती, हे तो एका नजरेत सांगेल. झालेल्या मोटरी तशाच द्यायच्या. न झालेल्या, तो करू शकत असेल तर त्याच्याकडून करून घ्यायच्या, त्याला त्याची मजुरी द्यायची. नाहीच जमलं तर तशाच परत करायच्या आणि ॲडव्हान्स घेतलेला असेल तर तोही परत.

मग एकेकाला फोन कर. "मी मिस्त्रींची मुलगी बोलते, तुमची मोटर दुकानात आहे, रविवारी या." एका रविवारी सगळ्यांना बोलावू नकोस, चार-पाच जणांनाच बोलाव. कोणी नवा कूलर घेऊन मोकळा झाला असेल, कोणाला बाबा गेल्याचं माहीतच नसेल. पण येणारा प्रत्येक माणूस दारात उभा राहून काहीतरी बोलेल. तेरवीला बोलले तसं नाही. हातात मोटर असली की माणूस खरं बोलतो. "एकदा रात्री साडेदहाला आलो होतो, घरी लहान पोरगं होतं, तर त्यांनी दुकानातला स्वतःचा पंखा काढून दिला," असं कोणी म्हणेल. कोणी म्हणेल, "हिशेबाचे मोठे पक्के होते, पाच रुपये सोडायचे नाहीत." तेही ऐक. कोणी म्हणेल की दोनदा चकरा मारायला लावल्या. तेही ऐक. सगळं त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेव, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत. सजवू नकोस.

त्यातल्या काहींच्या फोनमध्ये बाबांचा आवाज असेल. वाइंडिंगवाले फार टाइप करत नाहीत, हात वॉर्निशचे असतात. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात, "मोटर झाली, घेऊन जा." विचार त्यांना, जुना निरोप शोधून तुला पाठवतील. बाबांचा स्वतःचा फोन कपाटात ठेवला असेल तर आधी चार्ज करून त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घे. बंद पडलेल्या सिमचा नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, आणि बराच काळ न वापरलेलं व्हॉट्सॲप खातंही पुसलं जातं, त्यामुळे कदाचित उशीर झाला असेल. पण फोनमध्ये जे साठलेलं आहे ते असेल.

आणि ती दुसरी वही. सगळे वाइंडर एक डाटाची वही ठेवतात म्हणे. कुठल्या कंपनीच्या, किती पॉवरच्या मोटरीला कितव्या नंबरची तार, किती टर्न, किती खाचा, हे सगळं वर्षानुवर्षं उतरवलेलं. आमचा गल्लीतला म्हणाला, "ते वही म्हणजे आमची कमाई. मी तर दुसऱ्याला हातसुद्धा लावू देत नाही." ती काकांच्या हाती लागू देऊ नकोस. त्यांचा हेतू वाईट असेल असं नाही, पण ज्याला कळत नाही त्याला ती रद्दी दिसेल. मदतनिसाला पुढे हाच धंदा करायचा असेल तर त्याला झेरॉक्स काढून दे. मूळ वही तुमच्या घरी. तुझ्या बाबांनी आयुष्यभर जे मोजलं ते त्यात त्यांच्या अक्षरात आहे. आणि बघ, मधेच कुठेतरी एखाद्या पानाच्या कोपऱ्यात दुसरंच काही लिहिलेलं असेल. दुधाचा हिशेब, कोणाचा तरी नंबर, तुझ्या परीक्षेची तारीख. असेलच असं म्हणत नाही. पण सगळी पानं उलटून बघ.

वाइंडिंग मशीन, फर्मे, गेज, मीटर ही हत्यारं विकायची की ठेवायची हे नंतर ठरवा. जळक्या तांब्याला भाव चांगला मिळतो, ते विकायला हरकत नाही. मोटरी परत गेल्या की दुकान सोडून भाडं थांबव. तुझ्या पगारातून बंद शटरचं भाडं जावं, हे बाबांना पटलं नसतं, असं मला त्यांना न भेटताही वाटतं. तोपर्यंत दुकान तसंच राहू दे. आणि तार-वॉर्निशवाल्या व्यापाऱ्याचं काही देणं राहिलं असेल तर वहीत सापडेल, ते आधी फेडा. लोकांकडचं येणं आलं तर आलं. त्यासाठी कोणाच्या दारात जाऊ नकोस.

धाकट्याला दुकानात बसवू नका. बारावीचं वर्ष आहे, त्याला परीक्षा देऊ दे. पुढे त्याला स्वतःहून इलेक्ट्रिकलची आवड वाटली तर तो आयटीआय करेल, डिप्लोमा करेल, ते त्याचं. पण बाप गेला म्हणून मुलाने वयाच्या अठराव्या वर्षी त्याच स्टुलावर बसायचं, त्याच बारा-चौदा तासांच्या सीझनमध्ये, आणि त्याला आपण बापाचं नाव राखणं म्हणायचं, हे मला मान्य नाही. मी हे रागाने लिहीत आहे. अशी पोरं मी फार पाहिली आहेत.

त्या रात्रीच्या गोळीबद्दल तू एकाच ओळीत लिहिलंस, पण पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे. ऐक. हृदयविकाराचा त्रास कित्येकदा पोटाच्या जळजळीसारखाच वाटतो. ईसीजी काढल्याशिवाय डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. दिवसभर दुकानात, उन्हाळ्यात, अवेळी जेवण, त्यात जळजळ. बावन्न वर्षांच्या, आजारी न पडणाऱ्या माणसाला घरातल्या कोणीही तीच गोळी दिली असती. दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते का, हे मी तुला सांगू शकत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नकोस. तुला त्या रात्री जे माहीत होतं त्यावरून तू केलंस. आज जे माहीत आहे ते त्या रात्री तुला माहीत नव्हतं. पहाटेपासून मन मागे मागे जातं आणि त्या गोळीपाशी थांबतं, हे अचानक मृत्यू झालेल्या प्रत्येक घरात होतं. आईच्याही डोक्यात तिची एक गोळी असेल. ती शेजारी झोपली होती. तिला जाग का आली नाही, हे ती स्वतःला रोज विचारत असणार. तू तुझं तिला सांग. मग कदाचित ती तिचं सांगेल.

एक व्यवहाराची गोष्ट यातून निघते ती कर. वडिलांना वयाच्या ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलांचा धोका वाढतो. तू आणि भाऊ, दोघंही बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि डॉक्टरला बाबांचं वय सांगा. छातीत दाब, जळजळ, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, असं घरात पुन्हा कोणालाही झालं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

पैशांचं थोडक्यात. बाबांच्या बँक पासबुकात गेल्याच्या आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्ये ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का बघा. असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा २ लाखांचा विमा होता. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. वैशाखात ३१ मेच्या आत गेले असतील तर ते त्यात बसतात. त्याच बँकेत मृत्यूचा दाखला घेऊन जा, उशीर झाला म्हणून न विचारता परतू नका. एलआयसी, पतसंस्थेतले शेअर्स, एखादी भिशी, दुकानाच्या मालकाकडचं डिपॉझिट, हेही तपासा. आणि लक्षात ठेव, खात्यावर नॉमिनी म्हणून काकांचं किंवा कोणाचंही नाव असलं तरी नॉमिनी पैसे फक्त हातात घेतो, हक्क वारसांचा. म्हणजे आईचा आणि तुम्हा दोघांचा. आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असेल तर तिचाही.

आता वर्षश्राद्ध. विधीला थोडेच लोक लागतात. भटजी, पिंड, घरची माणसं. रामटेकला अंबाळा तलावावर जाऊन करायचं असेल तर तेही करता येईल. तीनशे पानं हा विधीचा भाग नाही, ती काकांची इच्छा आहे. काकांचाही भाऊ गेला आहे, हे विसरू नकोस. त्यांना भावासाठी काहीतरी मोठं करायचं आहे आणि त्यांना पंगतीशिवाय दुसरं सुचत नाही. त्यांच्या खिशातून त्यांना करायचं असेल तर करू दे. तुम्ही कर्ज काढू नका, आणि चौकात फोटोचा फ्लेक्स लावायला आई नको म्हणाली तर नको.

मला विचारशील तर त्यांना दुसरं एक काम सांग. आपल्या विदर्भात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर ठेवतात, पन्ह्याचा नैवेद्य दाखवतात. तुमच्या घरी ती या वर्षीच भरायची की वर्षश्राद्धानंतरच्या वर्षी, हे वडीलधाऱ्यांना विचारा. पण त्या दिवसापासून मृगापर्यंत बाबांच्या दुकानासमोर किंवा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पाणपोई लावायला कोणाचीच ना नसेल. दोन रांजण, ओलं फडकं, वर सावलीला ताटी, आणि रोज सकाळी ते घासून भरणारा माणूस. हे शेवटचं काम काकांना द्या. पंगत एका दुपारी उठते. रांजण दीड महिना रोज भरावे लागतात. भावासाठी काहीतरी करावं असं काकांना वाटतं ना, त्यांना ते रोज करता येईल. पंचेचाळीस अंशांत सायकलवरून येणारा माणूस तिथे उभा राहील, पाणी पिईल. बाबांचा सगळा जन्म लोकांच्या घरी गारवा पोचवण्यात गेला, त्यांच्यासाठी हे मला शोभेलसं वाटतं.

तिथी आणि तारीख वेगळ्या दिवशी येतील, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिथीला सगळे नातेवाईक असतील. तारखेचा दिवस तुम्ही तिघांनी ठेवा. कोणाला बोलावू नका. वहीची मागची पानं आईला वाचून दाखव. आवाज मिळाला असेल तर तिला आधी सांगून मग ऐकव. एकदम लावू नकोस.

शेवटी आई. तिचं "मला नाही लागत" मी दोनदा वाचलं. मिस्त्रीच्या घरचा कूलर दरवर्षी कोणी काढला असेल, कोणी धुतला असेल, हे मला कळतं. बाकी नागपूरचे कूलर होऊन मग शेवटी स्वतःच्या घरचा, बहुतेक एप्रिल उजाडल्यावर, रात्री अकरानंतर, आणि ती टॉर्च धरून उभी असणार. तो कूलर लावायचा म्हणजे त्यांच्याशिवाय लावायचा. वर्षभर तिने टाळलं आहे. तिच्याशी वाद घालू नकोस. पण एप्रिल-मे आपल्याकडचा आहे, बिना कूलरचं पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खाली झोपणं तिच्या वयाला झेपणार नाही, उष्माघात होतो, हे तिला भावाच्या नावाने सांग. "त्याची परीक्षा झाली, तो रात्रीचा झोपत नाही, त्याच्यासाठी लावू." आया स्वतःसाठी नाही म्हणतात, लेकरासाठी नाही म्हणत नाहीत.

ती नीट जेवते का, झोपते का, रात्री उठून बसते का, याकडेही लक्ष ठेव. वर्ष होत आलं तरी ती अशीच गप्प राहिली, कोणात मिसळेना, जगण्यात काही अर्थ नाही असं बोलायला लागली, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तो तुझ्यासाठीही आहे.

एखाद्या रविवारी त्या मदतनिसाला घरी जेवायला बोलाव. पोहे-तर्री कर, बाबांना आवडत असेल ते कर. जेवण झालं की त्याला कूलर काढायला सांग. कूलरच्या जुन्या गवती ताट्या काढून नव्या बसव, टाकी खरवडून धुवा, पंप बघा, मोटरीला तेल द्या. आई स्वयंपाकघरातून ऐकेल. बाहेर येईल, नाही येईल. आली तर तिच्या हातात टॉर्च दे, दिवसाउजेडी लागत नसली तरी. आणि पाणी मात्र तुम्ही कोणी भरू नका. बादली भरून तिच्याजवळ ठेवा.